टोकाकडची बाजू

वीज कुठून येते, हे मला तात्यांनी शिकवलं. शाळेनं फार नंतर. आमच्या कापडाच्या दुकानासमोर लाईटीचा एक डांब आहे. लोखंडी, बुडाशी सिमेंटचा कट्टा. दुपारचं काम आटोपलं की तात्या त्या कट्ट्यावर टेकायचे, शिडी डांबाला उभी करून ठेवायचे आणि चहा येईपर्यंत आम्हा पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. "ही तार हितनं डीपीला जाती. डीपीतनं सबस्टेशनला. सबस्टेशनातनं कऱ्हाडला, आन तिथनं मागंमागं जात ऱ्हायलास तर कोयनंला." प्रत्येक टप्प्याला त्यांचा हात आणखी थोडा पश्चिमेकडे सरकायचा आणि शेवटी डोंगरांच्या निळ्या रेघेवर जाऊन थांबायचा. मग बोट उलट फिरवून ते गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या घाण्याच्या वाड्याकडे दाखवायचे. "आन ह्ये टोक. हितं लाईट संपली."

डीपीकडची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडची बाजू आणि टोकाकडची बाजू. वायरमन मंडळी तारेला या दोन बाजूंनी ओळखतात. ओढ्याला वरचं अंग आणि खालचं अंग असतं तसं. हे सगळं मी लिहितो आहे ते या दोन बाजूंसाठी. तात्या गेले ते टोकाकडून आलेल्या विजेनं. आणि टोकाकडची बाजू आमची होती.

तात्या हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पण पस्तिशीतच ते सगळ्या पेठेचे तात्या झाले होते. अंगानं किडकिडीत, उंचीला बेताचे. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात टेस्टर, त्याला लागून पेन. पँटच्या मागच्या खिशात पक्कड. त्या खिशाला काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून गोणपाटाचा जोड दिला होता, कारण पक्कड कापड खाते. मी कापडवाल्याचा मुलगा, माझं लक्ष अशा गोष्टींवर जायचं. बांबूची शिडी ते खांद्यावर अशी घेत की एक हात दोन पायऱ्यांमधून आरपार गेलेला असायचा, आणि दुसऱ्या हातानं सायकलचं हँडल. सायकलला मागं कॅरिअरवर पिशवी. पिशवीत काय असायचं ते मला पाठ होतं: तांब्याच्या तारेचं रीळ, काळी चिकटपट्टी, पान्यांचा जुडगा, होल्डरला दोन वायरी जोडलेला साठचा बल्ब, आणि सायकलची एक जुनी चेन.

बल्ब हा त्यांचा खरा टेस्टर होता. खिशातला टेस्टर ते लोकांच्या समाधानासाठी लावायचे. "टेस्टर खोटं बोलतो, बल्ब बोलत न्हाय," असं ते म्हणत. खोलीत लाईट आहे की नाही याची खात्री दोन वायरी लावून बल्ब पेटवल्याशिवाय ते करून घेत नसत. आणि चेन होती डांबावर चढायच्या आधीसाठी. तारा बंद केल्या तरी त्यांच्यावर चेन टाकायची, म्हणजे सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला बांधल्या जातात. सबस्टेशनातून कुणी चुकून लाईट सोडलीच तर ती तारांतल्या तारांत भांडून मरते, माणसापर्यंत येत नाही. चेन टाकल्याचा आवाज मला आजही येतो. खळ्ळ. मग ते हात जोडत. कुणाला जोडत, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या घराण्याचं गाव शिवसागराच्या पाण्याखाली आहे. कोयनेचं धरण झालं तेव्हा खोऱ्यातली जी गावं उठली त्यांतलं एक. कोयना मुळात पूर्वेकडे वाहणारी, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी नदी. धरणात तिला अडवून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं, त्या उतारावर वीज केली, आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत सोडून दिलं. १९६२ साली पहिली वीज निघाली. तात्या तेव्हा आईच्या कडेवर होते. त्यांच्या वडिलांना गाव सोडताना मिळालं ते दुसऱ्या गावातलं थोडं रान आणि धरणग्रस्त हा शब्द. रान भावाभावांत वाटून इतकं उरलं की त्यात एक मोटार बसवायचीही गरज पडली नाही. तात्यांनी सातवीत शाळा सोडली आणि पुढं ते खड्डे खणायला लागले.

डांबांचे खड्डे. ऐंशीच्या दशकात वाड्यावस्त्यांवर लाईन ओढायचं काम जोरात होतं आणि ठेकेदाराला खणणारे हात लागत. ट्रॅक्टर जिथं जात नाही तिथं सिमेंटचा डांब बारा-पंधरा माणसांनी खांद्यावर घेऊन चढायचं. बांबू आडवे घालून, दोराच्या फासात डांब अडकवून, एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी पाऊल टाकायचं. तात्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, तो तेव्हापासून. खड्डे खणता खणता ते तार ओढायला शिकले, मग जंपर पिळायला, मग डीपीचे फ्यूज बांधायला. कुठल्या परीक्षेनं नव्हे, खाली उभं राहून वर बघत. जे वर होते ते निवृत्त झाले, आणि खालचा माणूस वर गेला. पण ठेकेदाराच्या वहीत त्यांचं नाव होतं तिथंच राहिलं. ठेकेदार बदलत गेले. वही बदलत गेली. नाव कायम झालं नाही.

त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटायचं. दिवाळीच्या आधी दुकानात येऊन ते अण्णांपाशी उधारीचं बोलत तेव्हा आवाज खाली जायचा आणि डांबावरचा तो माणूस आमच्या गादीच्या कडेला अवघडून बसायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. ते वहीत लिहून घेत आणि तात्या दर महिन्याला थोडंथोडं फेडत. पाडव्याच्या आत वही कोरी. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आणखी एक बघितलेलं आहे. मी चौथी-पाचवीत असेन. घाण्याच्या वाड्यापाशी तारांत एक वटवाघूळ अडकून मेलं होतं. एक पंख एका तारेवर, दुसरा दुसऱ्या तारेवर, मधे ते छत्रीसारखं ताणलेलं. आम्ही पोरं खाली जमलो. तात्यांनी लाईट बंद घेतली, चेन टाकली, वर चढून काठीनं ते सोडवलं आणि खाली आणून आमच्यासमोर कट्ट्यावर ठेवलं. कोल्ह्यासारखं तोंड, तांबूस केस, मिटलेले डोळे. "चिमणी मरत न्हाय आन ह्येच का मेलं?" त्यांनी विचारलं. आम्ही गप्प. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. "चिमणी एका तारेवर बसती. दोन तारांचा तिचा संबंधच येत न्हाय. ह्येचा पंख लांब. ह्येनं दोन तारा जोडल्या." ते तसेच हात पसरून थोडा वेळ उभे होते. मला ते चित्र नको तितकं स्पष्ट आठवतं.

पावसाळा त्यांचा सगळ्यात कामाचा काळ. पहिल्या पावसात चिनी मातीचे पिन फुटतात. फुटतात म्हणजे तडा जातो, केसासारखा. उन्हात तो दिसत नाही. ओल धरली की तिथून लाईट डांबात उतरते आणि सगळी लाईन बसते. कुठल्या डांबावरचा पिन गेला ते शोधायला तात्या रात्री निघायचे, कारण अंधारात तड्याच्या जागी निळसर ठिणगी दिसते. तीन-चार किलोमीटर चिखल तुडवत, बॅटरी मुद्दाम विझवून, मान वर करून एक माणूस चालतो आहे, आणि त्याच्यामागं सगळं शिवार काळोखात वाट बघतं आहे. अशा एका रात्री दहावीचा अभ्यास अडला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डीपीजवळून जाताना त्यांनी मला थांबवलं. लाईट असलेली डीपी गुणगुणते. सेकंदाला शंभर वेळा तिच्या आतली पत्री थरथरते, तो आवाज. लाईटीच्या पन्नास फेऱ्यांच्या दुप्पट, हे मला पुढं डिप्लोमाला समजलं. ती डीपी गप्प होती. तात्या म्हणाले, "ऐक. ऐकू येत न्हाय न्हवं? म्हंजी हिच्या मागं गेलंया." कान देऊन ते फॉल्ट हुडकत होते, आई पोराच्या छातीला कान लावते तसे.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. ज्यांनी ते काढले नाहीत त्यांना ते सांगून कळायचे नाहीत. २००५ नंतरची चार-पाच वर्षं आमच्यासारख्या गावात दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास लाईट नसायची. कोयना आमच्या डोंगराआड होती आणि आमच्या घरात मेणबत्ती होती. पिठाची गिरणी रात्री दोनला चालू व्हायची. शेतकरी मोटार चालू करायला मध्यरात्री कुडकुडत रानात जायचा. लोकांचा सगळा राग निघायचा तात्यांवर, कारण सरकार दिसत नाही आणि वायरमन दिसतो. भर चौकात त्यांना शिव्या घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ते उलट बोलत नसत. "माझ्या हातात बटन असतं तर घातलं नसतं व्हय?" एवढंच.

आणि पेठेत जनरेटर आले. एकानं आणला, मग चौघांनी. आम्हीही घेतला, अडीच केव्हीएचा, रॉकेलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा. अण्णांचं म्हणणं साधं होतं आणि आजही मला ते चुकीचं वाटत नाही. कापडाच्या धंद्याला उजेड लागतो. आमचं दुकान लांबट, मागं मागं जाणारं. आत भरदुपारी अंधार. अंधारात रंग कळत नाही. मोरपंखी म्हणून घेतलेली साडी घरी जाऊन निळी निघते, आणि बस्त्याला आलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. लगीनसराईचे दोन महिने वर्षभराचं पोट भरतात. जनरेटर हवाच होता.

हवा नव्हता तो जोडणीचा प्रकार. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर मधे चेंजओव्हर लागतो. दांडा वर केला की खांबावरची लाईट, खाली केला की जनरेटरची, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. दुकानातल्या एका बऱ्या साडीपेक्षा त्याची किंमत कमी. पण तो बसवायला मिस्त्री बोलवा, बोर्ड फोडा, सीझनमध्ये दोन तास दुकान बंद ठेवा. म्हणून गल्लीत सगळ्यांनी एक सोपी युक्ती केली होती. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या प्लगात. म्हणजे ज्या प्लगातून लाईट घ्यायची त्यातूनच ती आत ढकलायची. पंखे, ट्यूब सगळं चालतं. एकच पाळायचं: त्याआधी मेन पाडायचा. नाही पाडला तर घरात भरलेली लाईट मीटरमधून उलटी बाहेर पडते, सर्व्हिस वायरीनं डांबावर चढते आणि तारेत जाते. तारेला दिशा कळत नाही. डीपीलाही कळत नाही. तिला खालून चारशे चाळीसच्या बाजूनं लाईट दिली तर ती निमूटपणे वरच्या बाजूला अकरा हजार करून देते.

तात्या त्या वायरीवर चिडायचे. आमच्याकडची पाहून एकदा अण्णांना म्हणाले होते, "शेठ, ह्ये दोनतोंडी जनावर हाय. ह्येला घरात ठिवू नगा." अण्णा म्हणाले, "सीझन होऊ दे तात्या, मग बसवून घेऊ." असं म्हणताना त्यांच्या मनात खोट नव्हती. सीझन होणारच होता.

२००९ सालचा मे. आदल्या संध्याकाळी वळीव झाला, वारं सुटलं, आणि चौकातल्या डांबावर एका फेजचा जंपर जळाला. जंपर म्हणजे डांबावर दोन्हीकडून येऊन थांबलेल्या तारा जोडणारा तुकडा. तो जळला की तार तिथं तुटल्यासारखीच. डीपीकडच्या अर्ध्या गल्लीत लाईट, टोकाकडच्या अर्ध्या गल्लीत नाही. आम्ही टोकाकडे, चौकापासून दोन डांब खाली. तालुक्यात तसे पन्नास फॉल्ट झाले होते. तात्या रात्रभर नि सकाळभर रानातल्या लाईनीवर होते आणि आमच्या चौकात पोचले दुपारी तीनच्या सुमाराला. चहाही न घेता कामाला लागले, असं चहावाला सांगतो.

त्यांनी काय काय केलं, ते मला नेमकं माहीत आहे, कारण सगळं नंतर जागच्या जागी सापडलं. डीपीतले फ्यूज काढून त्यांनी आपल्या पिशवीत घातले होते, कुणी परस्पर टाकू नयेत म्हणून. बल्ब लावून पाहिला होता. चेन टाकली होती, डीपीकडच्या बाजूला. पट्टा बांधला होता. हातमोजे काढून खिशात ठेवले होते, कारण ते घालून जंपर पिळता येत नाही. जो माणूस आयुष्यभर सावध होता तो त्या दिवशीही सावधच होता. विजेचं तोंड जिकडं असतं तिकडं त्यानं पक्का बंदोबस्त केला होता.

पण जंपर तुटलेला होता. म्हणजे डीपीकडच्या तारेवरची चेन टोकाकडच्या तारेला धरत नव्हती. टोकाकडची तार मोकळी होती, आणि तिकडून लाईट येत नसते. त्यांनी एका हातात डीपीकडचं टोक घेतलं. ते चेननं जमिनीला बांधलेलं. दुसऱ्या हातानं टोकाकडची तार ओढून जवळ घेतली. त्याच वेळी आमच्या अर्ध्या गल्लीत कुणीतरी जनरेटरची दोरी ओढली.

जोडणारा तुकडा ते स्वतः झाले. एका हातातून दुसऱ्या हातात, मधे छाती. झिरोचा बल्ब पेटायला जेवढा करंट लागतो, साधारण तेवढाही काळजाची लय मोडायला पुरतो, आणि त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच हाताची मूठ अशी आवळते की सोडता येत नाही. इतकी साधी बेरीज आहे. बारका जनरेटर सगळ्या गल्लीचं ओझं ओढू शकत नाही. दहा-वीस सेकंद गुरगुरतो आणि बंद पडतो. दहा-वीस सेकंद.

पट्ट्यानं त्यांना खाली पडू दिलं नाही. ते वरच होते. मी धावत चौकात पोचलो तेव्हा माणसं जमली होती आणि कुणीच ओरडत नव्हतं. मान खाली, उजवा खांदा नेहमीसारखा उतरलेला, दोन्ही हात थोडे पुढे. त्यांच्यासोबतचा पोरगा वर चढायला धजत नव्हता. शेवटी बाजारातल्या हमालांनी शिडी लावली, दोर घातला आणि डांब उतरवावा तशा हाका देत त्यांना उतरवलं. अण्णा दुकानातून मांजरपाटाचा अख्खा तागा घेऊन आले होते. कात्री आणायला विसरले. तो तागा त्यांनी दातांनी फाडला.

दुसऱ्या दिवशी पेठ दुपारपर्यंत बंद होती. चौकात फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली, त्याच डांबाला बांधलेला. फोटो कुणाकडे नव्हता म्हणून कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापून घेतला होता. तात्यांच्या गळ्याजवळ शेजारच्या माणसाचा हात तसाच राहिला होता. फ्लेक्स महिनाभर होता. पावसात त्याचे रंग उतरले, मग कुणीतरी तो सायकल झाकायला नेला.

तात्या गेले त्या संध्याकाळीच आणखी एक गोष्ट झाली. गल्लीतल्या सगळ्या दोनतोंडी वायरी नाहीशा झाल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. पंचनाम्यात रिटर्न सप्लाय असे शब्द आले. तो कुणाच्या घरातून आला ते आलं नाही, आणि येण्यासारखं काही मागं उरलंही नव्हतं.

कागदपत्रं भरायला मी काकींबरोबर होतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला काय मिळायचं त्याचं त्यात सूत्र होतं: महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. वय वाढेल तसा आकडा उतरायचा. तात्यांचा पगार चार हजार आठशे, पण कायदा तेव्हा चार हजारांच्या वरचा पगार मोजत नसे. पुढच्याच वर्षी ती मर्यादा आठ हजार झाली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६१. आमच्याकडच्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा आहे, कारण गुरुजींना शाळेत नाव घालायला तेवढीच तारीख सोयीची. त्यांची आई म्हातारपणी अंथरुणातून सांगत होती, "गाव उठलं त्येच्या आदल्या श्रावणात झाला." श्रावणाला दाखला नव्हता. दाखल्याप्रमाणे अठ्ठेचाळीस पुरे व्हायला अकरा दिवस कमी होते. सत्तेचाळीसचा आकडा १६३.०७. अठ्ठेचाळीसचा १५९.८०. दोन हजार गुणिले १६३.०७ म्हणजे तीन लाख सव्वीस हजार एकशे चाळीस. अकरा दिवसांनी गेले असते तर सहा हजार पाचशे चाळीस रुपये कमी झाले असते. हा हिशेब मी तिथं बाकावर बसून पेन्सिलीनं केला आणि कागद काकींना दाखवला नाही. कायद्याला मी नावं ठेवत नाही. पैसे आले, मुलगी शिकली. पण त्या पेन्सिलीचं टोक मला अजून बोटांत जाणवतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. त्या दुपारी सव्वातीनच्या सुमाराला आमच्या दुकानात बस्त्याचं गिऱ्हाईक आलं होतं. आठ-दहा माणसं, दोन गावांची. अण्णांनी मला खूण केली. मी मागं गेलो, वायर लावली, दोरी ओढली. ट्यूब लागल्या, साड्या उघडल्या. मिनिटभरही झालं नसेल, जनरेटर गुरगुरायला लागला, ट्यूब तांबूस पडल्या आणि सगळं बंद झालं. मी पुन्हा ओढला, पुन्हा तसंच. अण्णा म्हणाले, "रॉकेलात पाणी असेल." मी टाकीचं झाकण काढून वास घेत होतो तेव्हा चौकातून पळापळ ऐकू आली.

मेन मी पाडला होता का? सकाळी पाडला होता, हे नक्की. पण लाईट नसली की आमच्याकडे प्रत्येक माणूस येता-जाता मेन वर करून बघतो, आली का म्हणून. अण्णांनी बघितलं असेल. गड्यानं बघितलं असेल. जेवण झाल्यावर मीच बघितलं असेन. वर केलेला मेन पुन्हा खाली केला का, हे मी सतरा वर्षं आठवतो आहे, आणि मला दर वेळी वेगळं आठवतं. गल्लीत त्या वेळी आणखी तीन जनरेटर होते. त्यातला एखादा गुरगुरून बंद पडला असेल. हे मी स्वतःला सांगितलेलं आहे. अण्णांनी आणि मी हे एकमेकांशी कधीही बोललो नाही. त्या रात्री जेवण न करता ते उठले, मागं गेले, आणि त्यांनी बोर्डापुढं बॅटरी धरून बराच वेळ बघितलं. त्यांना मेन वर दिसला की खाली, मला माहीत नाही. आले तेव्हा हात धुऊन आले.

पूर्वी मी लोकांना सांगायचो, कोयनेनं तात्यांचं गाव घेतलं आणि शेवटी तात्यांनाही घेतलं. ऐकायला ते बरं वाटतं. माणसं मान हलवतात. पण ते खोटं आहे. कोयनेच्या विजेला त्यांनी चेन बांधली होती. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

जनरेटर अण्णांनी त्याच आठवड्यात विकला. चेंजओव्हर बसवून ठेवता आला असता, मी म्हणालोही, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या सीझनला आणि पुढच्या तीन सीझनला लाईट गेली की आमचं दुकान अंधारात असायचं. बस्त्याची गिऱ्हाइकं पुढं जायची. जी थांबायची त्यांच्यासाठी अण्णा साडी हातावर घेऊन बाहेर पायरीवर यायचे, उन्हात उलगडून दाखवायचे, घडी घालून आत न्यायचे, दुसरी आणायचे. साठी उलटलेला माणूस एका गिऱ्हाइकासाठी तीस-तीस खेपा घालायचा. गुडघे दुखायचे. मला आणि गड्याला ते हात लावू देत नसत.

मुलीच्या लग्नाच्या बस्त्याला काकी आमच्याकडेच आल्या. दीर, जावा, व्याही मंडळी बरोबर. लाईट नव्हती. अण्णा उठले आणि साड्या बाहेर आणायला लागले. काकी पायरीच्या कडेला, डांबाच्या सावलीत बसल्या होत्या. बाकीच्यांच्या साड्या झाल्यावर मुलीची शालू-पैठणी निघाली. अण्णांनी एक उलगडून दोन्ही हातांवर उन्हात धरली. काकींनी पदर बोटांत घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शेठ, ह्यो रंग कंचा म्हनायचा?"

"मोरपंखी," अण्णा म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते, पदर हलत होता. "उन्हात बघा वहिनी. नीट बघून घ्या. घाई नाही."